आत्याच्या एक्केचाळीस कॅसेटी आणि 'बेस्ट ऑफ कुमार'

आत्या गेली तेव्हा तिच्या कपाटात तीन बऱ्या साड्या, पेन्शनचं पासबुक आणि शिलाई मशीनच्या जुन्या लाकडी खोक्यात एक्केचाळीस कॅसेटी निघाल्या. साड्यांचं काय करायचं ते तेराव्याच्या आधीच ठरलं. कॅसेटींचं तीन वर्षं झाली तरी ठरत नाहीये, आणि आता माझं मत असं झालंय की हा काही नुसता आमच्या लोकमान्य नगरातल्या घरचा प्रश्न नाही. इंदुरात, देवासला, उज्जैनला अशी खोकी किती घरांत माळ्यावर पडली असतील देव जाणे, आणि दर पावसाळ्यात त्यातल्या टेपांना बुरशी लागतेय.

एक्केचाळीसातल्या सदतीस कुमार गंधर्वांच्या. उरलेल्या चारांत एक हरिपाठ, एक माझ्या बाबांच्या साठीची भाषणं आणि दोन कोऱ्या. आत्या शाळेत शिकवायची, आणि देवासला गाणं आहे असा कोणाकडून निरोप आला की सरवटे बसस्टँडवरून बस पकडायची, पाऊण-एक तासात देवास, तिथून चालत टेकडीच्या पायथ्याशी कुमारांचं घर, भानुकुल. तिची तिथे फार ओळख होती असं नाही, मागे भिंतीला टेकून बसणाऱ्यांपैकी ती एक. टेप कोणी तिसरंच करायचं, मग त्याची कॉपी, कॉपीची कॉपी, असं फिरत फिरत तिच्यापर्यंत यायचं आणि मग ती निळ्या शाईने वर लिहायची, 'कु. गं. छान'. बस. तारीख नाही, राग नाही, तबल्यावर कोण ते नाही. बारा कॅसेटींवर 'छान' आहे, एकीवर 'अतिछान'. आत्याचा रसिकपणा मी अजिबात कमी लेखत नाही पण आत्या, अगं, निदान वर्ष तरी!

मी कुमारांची फॅन आहे. भक्त म्हणत नाही कारण भक्ताला सगळंच आवडावं लागतं आणि मला त्यांचे काही ख्याल, खास करून विलंबित, अजूनही थोडे घाईत उरकल्यासारखे वाटतात (आणि हे म्हणणारी मी पहिली नाही, त्यांच्या हयातीतही समीक्षक हेच म्हणत होते). पण मध्य लयीतली त्यांची बंदिश सुरू झाली की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मी उठत नाही. तर हा लेख फॅनचा आहे, आणि माझी तक्रारही फॅनचीच आहे.

आपण त्यांना 'मोठे गायक' म्हणतो आणि तिथेच थांबतो. पण ते गाणी करणारेही होते! आपल्याकडे त्याला जुना आणि अगदी नेमका शब्द आहे, वाग्गेयकार, म्हंजे वाक् पण त्याचीच आणि गेय पण त्याचंच, शब्द आणि सूर दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून आलेले. आजची पोरं सिंगर-साँगरायटर म्हणतात ते हेच. गिटार घेऊन स्टूलवर बसलेला पोरगा दिसला की आपण पटकन म्हणतो, वा, स्वतः लिहितो स्वतः गातो, आणि कुमारांनी मालवती, लगनगंधार, संजारी, मघवा, सहेली तोडी असे राग लोकधुनांतून उभे केले, त्यात बंदिशी बांधल्या, त्या नोटेशनसकट १९६५ साली अनूपरागविलास या पुस्तकात छापल्या, तरी आपल्या लेखी ते फक्त गायक. बेळगावजवळच्या सुळेभावीचा कन्नड घरातला मुलगा, मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकलेला, आमच्या माळव्यात येतो, मालवीचा लहेजा उचलतो आणि त्यात बंदिशी करतो, आणि मधल्या वेळात भा. रा. तांब्यांच्या कविता मराठीत अशा गातो की ग्वाल्हेरपासून इंदूरपर्यंतच्या आमच्यासारख्या घरांना वाटावं, हे आपल्याच ओटीवर बसून लिहिलंय आणि आपल्याच ओटीवर गायलंय. एवढं सगळं एका माणसाचं काम आहे हे कळायला ते सगळं एकत्र आणि क्रमाने ऐकायला मिळायला हवं ना? मिळत नाही. मिळतं काय, तर 'बेस्ट ऑफ'. त्यात तीन निर्गुणी भजनं, एक नाट्यगीत, एक 'अजुनी रुसुनी', झालं. दिवाळी पहाटेला आमच्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी 'उड जाएगा हंस अकेला' गाऊन तो हंस उडवतोच, आणि मग सगळे डोळे पुसून फराळाकडे वळतात. मी पण वळते. चिवडा चांगला असतो.

आता त्या कॅसेटींचं काय झालं ते सांगते, कारण माझं डोकं फिरलं ते तिथून.

पहिल्या वर्षी मी त्यातल्या दहा कॅसेटी एका दुकानात नेऊन दिल्या, लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी वगैरे पेन ड्राइव्हवर करून देतात तसलं दुकान. दुकानाचं नाव घेत नाही, पोरगा मेहनती होता आणि त्याने मुद्दाम काही केलं नाही. आठवड्याने पेन ड्राइव्ह दिला, म्हणाला, भिया ने एकदम क्लीन कर दिया है, आंटी, सारा कचरा निकाल दिया. घरी येऊन लावलं. आवाज स्वच्छ. इतका स्वच्छ की काहीतरी भयंकर चुकतंय असं वाटत होतं पण काय ते दहा मिनिटं कळेना. मग कळलं. तानपुरा नाही! कुमार नुसते हवेत गातायत. मी परत दुकानात गेले, त्याला विचारलं हे कसं केलं, तर त्याने कौतुकाने दाखवलं की सॉफ्टवेअरला आधी 'शांतते'चा तुकडा निवडून द्यावा लागतो, त्या तुकड्यात जो आवाज असेल तो कचरा समजून सॉफ्टवेअर सगळ्या रेकॉर्डिंगमधून वजा करतं. आणि त्याने निवडला होता गाणं सुरू व्हायच्या आधीचा तुकडा. जिथे कोणी गात नाही, कोणी बोलत नाही. जिथे फक्त दोन तानपुरे वाजतायत. ज्या माणसाबद्दल म्हणतात की गाण्याआधी तानपुरे लावायला त्याच्याइतका वेळ कोणी घेत नव्हतं, त्याचेच तानपुरे कचरा म्हणून गेले.

एवढ्यावर थांबलं नाही. दोन गाण्यांच्या मधलं बोलणंही कापलेलं, कारण 'उसमें म्यूज़िक नहीं था'. नशीब की मूळ टेपा शाबूत होत्या. मग एका ओळखीच्यांचा जुना डेक आणला, हेड स्पिरिटने पुसलं, आणि मूळ टेप ऐकली, तर त्या कापलेल्या भागात कुमार सांगतायत की ही धून कशी आहे, बायका ती कुठे आणि कधी म्हणतात, आणि त्यातला कोणता स्वर धरून आपण पुढे गेलो. मग गुणगुणून ती मूळ धून दाखवतात, साधी, चार स्वरांची, आपल्या मोलकरणीने भांडी घासताना म्हणावी तशी, आणि तिथून पुढच्या श्वासात बंदिश. त्या अर्ध्या मिनिटात गाण्याचा जन्म दिसतो हो! ते अर्धं मिनिट कापलं की उरतो राग आणि ताल, ते पुस्तकात पण मिळतं.

म्हणून माझं म्हणणं, वाग्गेयकाराचा संग्रह करायचा तर त्यात चार गोष्टी पाहिजेतच: तारीख, ठिकाण, साथीला कोण, आणि रचना कोणाची. आणि बोलणं, खोकणं, तानपुरे, मधेच रडणारं बाळ, काही कापायचं नाही.

तारखेचा आग्रह का, तर या माणसाचं आयुष्य असं आहे की तारीख काढली तर गाण्याचा अर्थच बदलतो. १९२४ चा जन्म, दहा-अकरा वर्षांचं पोर होतं तेव्हाच मोठ्यांना थक्क करणारं गाणं, मग विशीत क्षय. १९४८ ला देवासला आले ते कोरड्या हवेसाठी. गायला बंदी, काही वर्षं अंथरुणावर. बाहेरून जाणाऱ्या बायकांची, भिक्षेकऱ्यांची, नाथपंथी जोग्यांची गाणी कानावर पडतायत आणि आपण गायचं नाही. पत्नी भानुमतीबाई नोकरी करून घर चालवतायत. स्ट्रेप्टोमायसिन आलं, बरे झाले, १९५३ मधे परत मैफल केली, पण एक फुप्फुस कायमचं अधू. मग तो लहान लहान पल्ल्यांचा श्वास, मधेच सोडलेला शब्द, अचानक वर फेकलेला स्वर, हे सगळं शैली म्हणून आपण वाखाणतो ते किती शैली आणि किती शरीर, हे तारखा लावून ऐकल्याशिवाय कोण सांगणार? १९६१ ला भानुमतीबाई गेल्या. त्याच्या आधीच्या वर्षीची टेप आणि नंतरच्या वर्षीची टेप आज ॲपवर शेजारी शेजारी असतात आणि दोन्हीखाली साल दिलेलं असतं ते कंपनीने सीडी काढली त्याचं! एका अल्बमवर मी २००८ पाहिलं. ते १२ जानेवारी १९९२ ला गेले. हे म्हंजे माणूस वर गेल्यावर सोळा वर्षांनी मैफल करून आला.

आत्याच्या खोक्यात मालवतीतली एकच बंदिश दोन कॅसेटींवर आहे. एकीत मुखडा सरळ, शिस्तीत, जसा पुस्तकात असेल तसा येतो. दुसरीत समेवर, म्हंजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, येता येता शेवटचा शब्द अर्धाच टाकतात आणि तबला सम एकटाच दाखवतो, आणि मागे कोणीतरी 'अरे रे रे' म्हणतं, ते दादेचं 'अरे रे रे' हां, माळव्यातलं. मला वाटतं ती नंतरची असावी. वाटतं. कारण दोन्हीवर लिहिलंय 'छान'.

रचनाकाराच्या नावाचं तर विचारूच नका. जुने लोक हुशार होते, त्यांना माहिती होतं की लोक नाव खाणार, म्हणून त्यांनी ते बंदिशीतच शिवून टाकलं. सदारंग, बडोद्याच्या फैयाझखाँसाहेबांचं प्रेमपिया, आमच्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचं सुररंग. नाव काढलं तर ओळच तुटेल अशी सोय. आता ॲपवर बघा, गायकाचं नाव ठळक, कंपनीचं नाव आहेच, आणि बंदिश कोणाची हा रकाना एकतर नसतोच नाहीतर तिथे 'पारंपरिक'. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी एका माणसाने देवासला बसून केलेली बंदिश पारंपरिक कशी काय होते? नवीन मुलं कुमारांची बंदिश गातात, छान गातात, आणि निवेदक सांगतो 'आता ऐकूया राग अमुक मधली एक पारंपरिक रचना', आणि समोर बसलेल्या शंभरातल्या चौघांना चूक कळते आणि ते चौघं एकमेकांकडे बघून मान हलवतात. मान हलवून काय होणार, उठून सांगा ना. मी एकदा सांगितलं. निवेदिका रागावली माझ्यावर, तो भाग वेगळा.

आणि हे काही नुसतं शिष्टाचाराचं नाही, कायद्यातही आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रचनाकाराला आपली रचना आपली आहे असं म्हणवून घ्यायचा हक्क आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलाकारालाही आपलं नाव लागावं हा हक्क दिला. मुदतीचा हिशोब पण गंमतशीर आहे. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं की त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, पण रचना मात्र रचनाकार गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हंजे कुमारांनी लहानपणी गायलेल्या, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या ७८ आरपीएमच्या तबकड्या केव्हाच मोकळ्या झाल्या, पण त्यांच्या स्वतःच्या बंदिशी २०५२ संपेपर्यंत त्यांच्या कुटुंबाच्या. ठीक आहे, असाव्यात. मी फुकट मागतच नाहीये, मी नाव मागतेय.

आता यावर जे म्हणणं सगळ्यात वजनदार आहे ते माझ्याच घरातून आलं. दादा म्हणाला, अगं त्यांनी ते गाणं त्या खोलीतल्या चाळीस लोकांसाठी गायलं होतं, जगासाठी नाही. एखाद्या दिवशी घसा बसलेला असेल, सूर लागला नसेल, माणूस गेला म्हणून त्याची वाईट संध्याकाळ तू सगळ्यांना वाटणार? मला याचं चटकन उत्तर सुचलं नाही आणि अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. सदतीसमधल्या एका कॅसेटीत खरंच त्यांना खोकला येतोय, थांबतात, पाणी पितात, पुन्हा सुरू करतात, पुन्हा थांबतात. ती मी कुठेही टाकणार नाही. पण फेकणार पण नाही. न फेकणं आणि गावभर न वाटणं यांच्या मधे जागा असते की! दिल्लीला संगीत नाटक अकादमीचा संग्रह आहे, गुरुग्रामला आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी म्हणून १९८२ पासूनची संस्था आहे, तिथे लोक आपले खासगी संग्रह ठेवतात, हक्क ठेवणाऱ्याकडेच राहतात, कोणी कसं ऐकायचं याच्या अटी घालता येतात. ज्याला अभ्यास करायचा तो तिथे जाऊन बसेल आणि ऐकेल, आपल्या फोनवर 'आज सकाळचे भजन' म्हणून कोणी फॉरवर्ड करणार नाही.

दादाच्या म्हणण्याला मी मान देते, पण इंदुरातल्या दुसऱ्या एका जमातीला अजिबात देत नाही. 'माझ्याकडे आहे' जमात. सराफ्यात रात्री गराडू खाताना भेटतात, आवाज खाली करून सांगतात, माझ्याकडे त्यांची एक अशी टेप आहे की ती कुणाकडेच नाही. मग ऐकवा ना काका! हसतात. ऐकवत नाहीत. ती टेप म्हंजे त्यांची प्रॉपर्टी, त्यांच्या मोठेपणाचा दाखला. आणि मग ते जातात, मुलं पुण्याला किंवा अमेरिकेत, घर विकायला काढतात, आणि खोकं भंगारवाल्याच्या गाडीवर. प्लॅस्टिकच्या भावाने. पत्रकार राहुल बारपुते, चित्रकार चिंचाळकर गुरुजी आणि कुमार यांच्या बैठकींबद्दल आम्ही इंदूरवाले इतका अभिमान मिरवतो, निदान त्या काळाचा आवाज जपायला एक खोली, एक नीट चालणारा डेक आणि एक शिकलेला माणूस एवढं इथल्या मराठी मंडळींना मिळून जमू नये? हॉलचे पडदे बदलायला पैसे जमतात. साधी गोष्ट सांगते, डेकची गती नीट नसेल, टेप सहा टक्के जोरात फिरली, की सगळं अर्धा स्वर वर चढतं, पेटीच्या काळी एक पट्टीचा गायक पांढरी दोनमधे गाताना ऐकू येतो, आणि पुढचे वीस वर्षं लोक त्यावर चर्चा करतात की त्या काळात त्यांची पट्टी उंच होती. ज्याला हे कळतं असा एक माणूस. पगार देऊन.

भाचा बंगलोरला असतो, तो बॉब डिलनचा वेडा. मला डिलन झेपत नाही, नाकात गातो. पण त्याच्याकडे १९८५ चा तो बायोग्राफ नावाचा संच आहे, पाच एलपी, त्रेपन्न गाणी, त्यातली अठरा आधी कधी न आलेली, आणि सोबत पुस्तिका, त्यात गाण्यागाण्याची माहिती. गाणी क्रमाने नाहीत हां, उलटसुलट लावलीयत, विसाव्या वर्षीचं आणि चाळिसाव्या वर्षीचं शेजारी, पण कोणतं केव्हाचं ते लिहिलेलं असल्याने तो गोंधळ मजेचा होतो. चोरून फिरणाऱ्या टेपांचं तर पुढे १९९१ पासून कंपनीनेच 'बूटलेग सीरीज' असं नाव देऊन राजरोस मालिका काढली. भाचा ती पुस्तिका झोपताना वाचतो. मला हेवा वाटला, खरं सांगते, गाण्याचा नाही, पुस्तिकेचा. माझ्या माणसाची पुस्तिका निळ्या शाईतल्या एका शब्दाची आहे.

आता हिवाळाभर मी आणि शेजारची एक मुलगी (तबला शिकते, कान तिखट आहे) रोज संध्याकाळी एक बाजू ऐकतो आणि वहीत लिहितो. कुठे कोणी 'वसंतराव, वा' म्हणालं की तबल्यावर आचरेकर असणार हे टिपतो. कुठे मागे रेडिओवर बातम्या, कुठे कोणी गणपतीच्या आरतीला उठायची घाई करतंय, त्यावरून महिना. गांधी मल्हार निघाला तर कॅसेट १९६९ च्या आधीची नाही एवढं तरी पक्कं, कारण तो राग गांधीजींच्या जन्मशताब्दीला बांधलेला. अशी ओढूनताणून सदतीसपैकी चौदा कॅसेटींना साल लागलं, त्यातलं सहांचं खात्रीने. दुकानातल्या त्या पोरालाही बोलावलं होतं एकदा. तानपुरा ऐकवला, मूळ टेपवरचा. बराच वेळ ऐकत बसला, मग म्हणाला, ये तो पूरे टाइम चलता है क्या? आता तो आमच्या डेकचा पट्टा बदलून देणार आहे.

'अतिछान'चं मात्र काहीच लागत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट आहे, पांढरी, उजव्या कोपऱ्याला तडा. बाजू अ सुरू होताना तानपुरे, मग लांब कुठेतरी कुकरच्या तीन शिट्या, तिसऱ्या शिट्टीला लोक हसतात आणि ते स्वतःही हसतात, आणि त्या हसण्यातच षड्ज लावतात. हार्मोनियम डाव्या बाजूला आहे, एक बाई दोनदा खोकते, बाजू संपता संपता कोणीतरी विचारतं 'दिवे गेले का?' आणि एक बारीक आवाज 'नाही, पंखाच' असं सांगतो. त्या खोलीत त्या दिवशी तुमच्या घरचं कोणी बसलेलं असेल तर साल सांगा.